खिळे जुळवणाऱ्या चौघी

४ जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस. सगळं ठीक आहे. गुडघे आहेत तिथंच आहेत आणि कान होते तिथं राहिलेले नाहीत, म्हणून फोन न करता लिहिते आहे. फोनवर तू "बरं वाटतंय का" विचारतेस आणि मी "दार लावलंय" म्हणून सांगते. त्यापेक्षा कागद बरा. कागदावरचं मला अजून स्वच्छ ऐकू येतं.

कामाचं बोलते. काल शेजारच्या बाईंची नात टॅब घेऊन आली. शाळेनं गृहपाठ दिलाय म्हणाली, संग्रहालयाच्या साइटवरची जुन्या व्यवसायांची पानं बघायची आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना दाखवायची. तिची स्वतःची आजी मालिका बघण्यात गुंग, म्हणून मी सापडले. मी चष्मा लावून मोठ्या ऐटीत बसले. म्हटलं, ही साइट आमच्या भिंगरीनं लिहिलीय बरं का, नीट वाच.

तर पान उघडलं: "खिळ्यांच्या कारखान्यातल्या स्त्रिया". वर जुना फोटो. चार बायका पाठमोऱ्या, तिरक्या लाकडी खणांपुढं उभ्या. खाली तुझा मजकूर: "पूर्वी स्त्रिया लहानमोठे खिळे हातानं निवडून, जुळवून त्यांच्या पुड्या बांधत." आणि त्याच्या खाली खेळ. "ठोका खिळा!" हातोडा घ्यायचा, दहा खिळे ठोकले की एक तारा. पोरीनं माझ्यादेखत चाळीस ठोकले.

भिंगरे, त्या फोटोत डावीकडून दुसरी पाठ माझी आहे. माणसाला स्वतःची पाठ ओळखू येत नाही म्हणतात, पण मी वेणीवरून ओळखली. शेवटी रिबिनीऐवजी दोरा बांधलाय. जुळवलेल्या मजकुराभोवती बांधायचा दोरा, छापखान्यातला.

कारखाना नव्हता गं तो. छापखाना होता. आणि छापखान्यात खिळे म्हणजे ठोकायचे खिळे नव्हेत, बाई माझे. शिशाची अक्षरं! एकेक अक्षर उचलून शब्द जुळवायचा, शब्दाशेजारी शब्द ठेवून ओळ करायची, तेव्हा कुठं पुस्तक व्हायचं. त्या कामाला खिळे जुळवणं म्हणतात, आणि ते करणाऱ्याला जुळारी. लिहिण्यावर पोट आहे तुझं, आणि तू मला सुतारीण करून टाकलंस!

हसून हसून पोट दुखलं. मग हसू थांबलं. किती पोरांनी बघितलं असेल हे पान? ताबडतोब दुरुस्त कर.

तुझी,
मावशी

*

११ जून

प्रिय मावशी,
साष्टांग नमस्कार. खरोखरचा. हे लिहून झाल्यावर जमिनीवर आडवीच होणार आहे.

पत्र ऑफिसात उघडलं आणि आमच्या चित्रकार मुलीला मोठ्यानं वाचून दाखवलं. हातोडा तिनंच काढलेला. ती आधी हसली आणि मग टेबलावर डोकं ठेवून बसली. कारण "ठोका खिळा" हा आमच्या अख्ख्या साइटवरचा सगळ्यात लाडका खेळ आहे. तू विचारलंस म्हणून सांगते, आजपर्यंत एकोणीस हजार मुलांनी खिळे ठोकलेत.

चूक माझी आहे, पण कशी झाली तेवढं ऐक. फोटो एका हार्डवेअरच्या दुकानातून आला. त्यांच्या माळ्यावर खोका सापडला, त्यात फोटो आणि त्याची निगेटिव्ह. मागं शाईनं लिहिलेलं, "खिळे जुळवणाऱ्या चौघी". दुकान हार्डवेअरचं, शब्द खिळे. मी दोन आणि दोन चार केले. त्या दुकानाच्या जागी पूर्वी छापखाना होता हे विचारायचं मला सुचलंच नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. कळसा म्हणजे माझी सख्खी मावशी! लहानपणी आई म्हणायची, "मावशी छापखान्यात जायची." ती तिथं काय करायची, हे मी चाळिशी उलटली तरी विचारलं नव्हतं. मला तू नेहमी काकांच्या वह्यांच्या दुकानातच दिसायचीस, गल्ल्यामागं, पेन्सिलीला टोक काढत.

खेळ मी आजच काढून टाकला. पण मजकूर बदलायला गेले तर संचालक आडवे आले. तुमच्या छापखान्याची एक रौप्यमहोत्सवी पुस्तिका आहे, आमच्या ग्रंथालयातच. लेखकाचं नाव नाही. त्यात पान बारावर लिहिलंय: "छापखान्यात सात जुळारी असून, कागदाच्या घड्या घालण्यासाठी चार स्त्रिया आहेत."

संचालक म्हणाले, "छापील पुरावा घड्यांचा आहे. तुमच्या मावशींचा शब्द मी खोटा ठरवत नाही, पण माझ्या आजोबांचा शब्द धरला तर त्यांनी वाघ मारला होता." 

आणि वेळ थोडा आहे. एक ऑगस्टला आमची पानं सगळ्या शाळांच्या अभ्यासक्रमाला जोडली जाणार. त्या दिवशी मजकूर गोठणार, मग पाच वर्षं एक काना बदलता येणार नाही. आत्ता आहे तसं गेलं तर तुम्ही चौघी मुलांच्या वहीत घड्या घालणाऱ्या म्हणून जाल.

तुझ्याकडे काही आहे का? नेमणुकीचा कागद, ओळखपत्र, काहीही? आणि रागावू नकोस, पण विचारायला हवं म्हणून विचारते. तुम्ही रोज खिळे जुळवायचात, की कधीमधी मदतीला?

तुझी लाजलेली,
भिंगरी

*

१९ जून

चि. भिंगरीस, आशीर्वाद.

कधीमधी मदतीला!

नऊ वर्षं. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सहा, उभ्यानं. बसून हे काम होत नाही. समोर केस असते, म्हणजे खणाखणांचा उतरता ट्रे. प्रत्येक अक्षराचं खणात घर. पूर्ण अक्षराचं वेगळं, अर्ध्याचं वेगळं, काना, मात्रा, वेलांटी, सगळ्यांची आपापली घरं. डाव्या हातात पितळी पट्टी, तिला स्टिक म्हणायचं. उजवा हात घराघरांतून अक्षरं उचलत फिरतो, डोळे मजकुरावर. बघून उचललंस तर तू शिकाऊ.

आणि लोकांना वाटतं ते आरशातलं वाचन असतं. नव्हे. स्टिकमध्ये अक्षर डोक्यावर उभं असतं, पण ओळ डावीकडून उजवीकडेच जाते. तळ्याकाठचं झाड पाण्यात कसं दिसतं? तसं. शिरोरेषा खाली, उकार वर. आम्ही म्हणायचो, पाण्यातलं अक्षर. पहिले दोन महिने चक्कर येते. नंतर सरळ अक्षर बघितलं की चुकल्यासारखं वाटतं.

चौघींची नावं आम्हीच पाडलेली. सगळ्यांत डावीकडची वेलांटी, मान कायम कलती. तिसरी अनुस्वार, एवढीशी, वाटोळी, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर बसणारी. चौथी रफार. उंच, सगळ्यांच्या वरून जाणारी, आणि बोलणं असं खडखडीत की तिच्यापुढं यंत्र बंद केल्यासारखं वाटायचं. मी पूर्णविराम. का ते तुझ्या आईला माहीत होतं. माझ्यानंतर कुणी बोलायचं नाही.

वेलांटी गेली. अनुस्वारही गेली, तीन वर्षं झाली. रफारचा पत्ता माझ्याकडे नाही, मुलाकडे राहायला गेली एवढंच ऐकलं होतं.

कागद विचारतेस. कागद माझ्याकडे नाही. जगाचे कागद आम्ही जुळवले, निकाल, पत्रिका, पाठ्यपुस्तकं, मृत्युलेखसुद्धा. आमच्याबद्दल एक ओळ नाही. जी आहे ती घड्यांची. ती कुणी लिहिली ते मला विचारू नकोस.

रागावले नाही. पण आज पत्र इथंच थांबवते.

मावशी

*

२७ जून

प्रिय मावशी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. "बघून उचललंस तर तू शिकाऊ" हे वाक्य मी कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवलंय. माझा प्रश्न मागं घेते. तो प्रश्न संचालकांच्या तोंडून माझ्यात शिरला होता, आणि मी त्याला जागा दिली, हे मला टोचत राहिलंय. आपली माणसं आपल्याला सांगतात ते आपण खरं मानतो, पण पुरावा म्हणून नाही, माया म्हणून. त्यात थोडा अपमानच असतो, नाही का?

आता ऐक. निगेटिव्ह मोठी आहे, तळहाताएवढी. आमच्या स्कॅनिंगवाल्या काकांना म्हटलं, जमेल तेवढी मोठी करा. ते म्हणाले, "बाई, उवा मोजता येतील एवढी करतो." आणि केली. फोटोग्राफर मागच्या बाजूनं, बहुतेक स्टुलावर चढून, तुमच्या खांद्यांवरून बघत होता. म्हणून चेहरे नाहीत, पण हात आहेत. आणि मावशी, तुझ्या डाव्या हातात स्टिक आहे. स्टिकमध्ये दोन ओळी आहेत, चांगल्या जाड टाइपाच्या!

मला त्या अजून वाचता येत नाहीत. शिशावर उजेड चमकलाय आणि दोन अक्षरं तुझ्या अंगठ्याखाली आहेत. पण कल्पना अशी: हे साइटवर कोडं म्हणून टाकायचं. "पाण्यातलं अक्षर". मुलं फोटो हवा तेवढा मोठा करून बघतील, वाचतील, पुरावा तेच शोधतील. इतिहास म्हणजे पाठ करायचं काहीतरी, असं त्यांना वाटतं. इथं त्यांना तो सापडेल. चित्रकार मुलगी प्रायश्चित्त म्हणून तीन दिवस घरी गेलेली नाही म्हणते, म्हणजे सहालाच जाते पण तोंड पाडून.

सोमवारी, एक तारखेला टाकतो. तुला आठवतं का, काय होतं त्या ओळीत?

तुझी,
भिंगरी

*

१ जुलै

चि. भिंगरीस,

पत्र आत्ताच मिळालं आणि उभ्या उभ्या लिहिते आहे.

ते कोडं टाकू नकोस. फोटो जुना आहे, कुणाला काही वाचता यायचं नाही, उगाच हात दाखवून अवलक्षण. काय होतं ते मला आठवत नाही. कुठलीतरी जाहिरात असेल.

घड्या तर घड्या. त्याही कुणीतरी घालायलाच हव्यात. सोडून दे.

मावशी

*

८ जुलै

प्रिय मावशी,

तुझं पत्र माझ्या हातात पडलं तेव्हा कोडं साइटवर जाऊन चार दिवस झाले होते. टपालानं आपल्या दोघींची फजिती केली.

आता खरं सांगते. तुझं पत्र वाचून पहिल्यांदा मनात आलं ते चांगलं नव्हतं. तिनं खरंच जुळवलं असेल ना? की फोटोपुरती स्टिक हातात धरली होती, आणि आता उघडं पडेल म्हणून घाबरली? दोन मिनिटं असं वाटलं. मग तुझे पत्रातले शब्द आठवले, उकार वर आणि शिरोरेषा खाली. हे कुणी फोटोपुरतं शिकत नाही. पण ती दोन मिनिटं होती, आणि ती तुझ्यापासून लपवून पुढं लिहिलं तर हे पत्र खोटं होईल.

घाबरलेली तर तू आहेसच. कशाला, ते मला कळत नाही. आणि "घड्या तर घड्या" हे वाक्य पूर्णविरामाचं नाही. ते तुझ्या तोंडात कुणीतरी जुळवलंय.

मुलांचं सांगते. पहिल्या दिवशी सगळ्यांनी टॅब उलटे धरले. तसं केलं की अक्षर सरळ उभं राहतं पण ओळ उजवीकडून डावीकडे पळते. एका शाळेतून मास्तरांनी कळवलं, "दोन विद्यार्थी डोक्यावर उभे राहिले असून त्यांनाही वाचता आलेलं नाही." मग तुझी पाण्याची खूण दिली. दुसऱ्या दिवशी वर्गावर्गांत टबात पाणी! पाण्याच्या कडेला टॅब उभा धरायचा आणि पाण्यात वाचायचं. काल संध्याकाळपर्यंत एवढं जमलंय: "फोर", मग अंगठा, मग "हसले की". दुसऱ्या ओळीत "यंत्र", पुढं सगळं चमकलेलं.

मावशी, कोडं उतरवू का? तू एक शब्द लिहिलास तर त्याच मिनिटाला उतरवते. कारण विचारणार नाही. घड्यांचं पान तसंच गोठू देईन, आणि तुझ्यासमोर पुन्हा त्याचं नाव काढणार नाही. पण तो शब्द तूच लिहायला हवास.

भिंगरी

*

१३ जुलै

भिंगरे,

दोन दिवस कागद पुढ्यात घेऊन बसले होते. आता एका दमात लिहिते.

ओळ मला आठवते. कशी विसरेन?

फोरमन हसले की
यंत्र बिघडले!

छापखान्याला पंचवीस वर्षं होणार म्हणून फोटोग्राफर आला होता. आधी मालक, मग यंत्रं, मग सात जुळारी ओळीनं. आम्हाला फोरमननं सांगितलं, "बायकांनो, स्टिक ठेवा आणि कागदाचे गठ्ठे हातात घ्या." का? तर गिऱ्हाइकांनी फोटो बघितला आणि बायका जुळवतात हे कळलं, तर चुका असणारच असं धरून चालतील. मालकांचं तसं म्हणणं होतं. आम्ही पाठ फिरवली आणि कामाला लागलो. म्हणून त्या बिचाऱ्याला मागून फोटो घ्यावा लागला, आणि म्हणून तो पुस्तिकेत आला नाही. आणि मी रागानं जाहिरातीचा मोठा टाइप काढून ती ओळ जुळवली. चौघींत हशा. फोरमन आले, माझ्या हातातली स्टिक बघितली, तशीच वाचली. कान लाल झाले. हसले मात्र नाहीत. दोन्ही ओठ दाबून धरले होते.

चार महिन्यांनी मी त्यांच्याशी लग्न केलं.

हो. फोरमन म्हणजे तुझे काका. तू त्यांना वह्यांच्या दुकानातच बघितलंस. छापखाना बंद पडल्यावरचं ते दुकान.

ही भीती नव्हे, ऐक. नवऱ्याची थट्टा सगळ्या शाळांनी वाचली तर वाचू दे, तेही वर बसून ओठ दाबतील. भीती पुढची. त्या वर्षाअखेर पुस्तिका निघाली. ती त्यांनीच लिहिली, मालकांच्या सांगण्यावरून. आणि पान बाराचा मजकूर जुळवायला माझ्याकडे आला.

ती ओळ मी जुळवलीय, भिंगरे. "कागदाच्या घड्या घालण्यासाठी चार स्त्रिया आहेत." एकेक अक्षर माझ्या या हातानं उचललेलं. शेजारी अनुस्वार उभी होती. तिनं मजकूर वाचला आणि म्हणाली, "पूर्णविरामा, एक शब्द बदल. कुणाला कळणार आहे?" मी म्हटलं, "येईल तसं जुळवायचं. जुळाऱ्यानं 'ध'चा 'मा' करायचा नाही." केवढा अभिमान होता मला त्या नियमाचा! नऊ वर्षांत मी दुसऱ्याच्या मजकुरात एक वेलांटी इकडची तिकडे केली नाही. आणि त्या नियमाच्या आड उभी राहून मी आम्हा चौघींना पुसून टाकलं. घरी जाऊन यांना विचारलंसुद्धा नाही. नवं लग्न होतं.

अनुस्वार महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मग बोलली, पण पुन्हा कधी माझ्या डोक्यावर बसली नाही.

तर उतरवू नकोस. हे सगळं लिही, माझ्या हातचं आहे म्हणून लिही. एकदा छापून झालं की जुळवलेला मजकूर सोडतात, अक्षरं आपापल्या घरी परत टाकतात, म्हणजे पुढचं काम जुळवता येतं. ही एक ओळ मी पन्नास वर्षं बांधून ठेवली होती. आता सोडली.

मावशी

*

२५ जुलै

माझ्या मावशी,

बसली आहेस ना? नसलीस तर बस.

तुझं पत्र गेल्या गुरुवारी आलं. वाचून मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. मला काकांचा राग यावा असं वाटत होतं आणि आठवत होतं ते वेगळंच. दुकानात मी नवी वही मागितली की ते पहिलं पान उलटून मला म्हणायचे, "यावर तुझं नाव तू घाल, बाकीच्यांना घालू देऊ नकोस." तेव्हा ते मला नुसतं दुकानदाराचं बोलणं वाटलं होतं. असो. त्यांचं त्यांच्यापाशी.

उत्तर मी कुणालाच सांगितलं नाही. मुलांनी शोधायचं होतं ना! आणि या सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास ते सापडलं. एकाच वेळी तीन शाळांतून. एका वर्गानं दिव्याची तिरीप बदलावी तसं चित्र उजळ-काळोखं करत "बिघ" वाचलं, दुसऱ्यांनी "डले", आणि अंगठ्याखालची दोन अक्षरं "मन" आहेत हे एका वर्गानं मतदान घेऊन ठरवलं! चित्रकार मुलगी खुर्चीवरून उठून ओरडली, "फोरमन हसले की यंत्र बिघडले!" आणि अख्खं ऑफिस हसायला लागलं. स्कॅनिंगवाले काका डोळे पुसत म्हणाले, "हा फोरमन आमच्याकडंही होता हो."

संचालक बाहेर आले. त्यांना वाचून दाखवलं. ते हसले, पण लगेच कामावर आले. "छान आहे. पण स्टिक फोटोपुरती कुणीतरी त्यांच्या हातात दिली नसेल कशावरून? समिती हेच विचारणार."

मी तुझं पत्र पर्समधून काढणार होते. तेवढ्यात चित्रकार मुलगी म्हणाली, "सर, हे आधी वाचा." कोड्याखाली मुलांना मत लिहायला जागा ठेवलीय ना, तिथं सहावीतल्या एका मुलीनं लिहिलं होतं. जसंच्या तसं उतरवते:

"ही स्टिक फोरमननी फोटोसाठी दिली नसणार. स्वतःला नावं ठेवलेली ओळ कोण स्वतःच दुसऱ्याच्या हातात देईल? आमच्या वर्गात फळ्यावर सरांचं चित्र निघतं तेव्हा ते सरांनी काढलेलं नसतं. ही ओळ बायकांनीच जुळवली. आणि त्यांना इतकं पटकन जुळवता येत होतं की चेष्टेसाठीसुद्धा वेळ उरत होता."

संचालकांनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून म्हणाले, "मला वाटतं माझ्या आजोबांचा वाघसुद्धा पुन्हा एकदा तपासायला हवा."

मग मी तुझं पत्र दिलं. दार लावून त्यांनी एकट्यानं वाचलं. बाहेर आले ते समितीची बैठक लावायला सांगतच. पान बारा जिनं जुळवलं तिनंच ते चूक आहे म्हणून लिहून दिलंय, यावर समिती काय बोलणार? मंगळवारच्या बैठकीत दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. एकानं फक्त विचारलं, "या बाई अजून आहेत? मुलांशी बोलतील?" मी म्हटलं, "बोलतील. त्यांच्यानंतर कुणी बोलायचं नसतं एवढं लक्षात ठेवा."

हा मजकूर काल पानावर चढवला, एक ऑगस्टला तो गोठणार आहे. तुझ्याकडे प्रूफ म्हणून पाठवते, कारण तुझ्या नजरेखालून गेल्याशिवाय मी तो जाऊ देणार नाही:

"या छापखान्यात अकरा जुळारी होते. फोटोतल्या चौघी त्यांपैकी. छापील पुस्तिकेत त्यांची नोंद घड्या घालणाऱ्या म्हणून आहे. ती चुकीची आहे. आम्हीही आधी त्यांना खिळे विकणाऱ्या समजलो, तीही चूक. दुसरी चूक एका जुळारी बाईंनी दाखवली, पहिली त्यांनीच कबूल केली, आणि पुरावा मुलांनी वाचला."

एकशे ब्याण्णव शाळा, मावशी. बदललेलं पान काल एका दिवसात एकतीस हजार मुलांनी उघडलं. हातोडा चालवलेली सगळी मुलं एकत्र केली तरी एवढी होत नाहीत.

तुझी,
भिंगरी

*

६ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
भरभरून आशीर्वाद.

प्रूफ तपासून परत पाठवलं ते मिळालं असेलच. दोन चुका होत्या. "खिळे विकणाऱ्या" नव्हे, तू "खिळे निवडून पुड्या बांधणाऱ्या" लिहिलं होतंस. आपली चूक लिहायची तर पुरती लिहावी. आणि एक स्वल्पविराम जास्त होता. अकरा या आकड्याला मात्र हात लावला नाही. त्यावर बोट ठेवून थोडा वेळ बसले.

आता पुढचं ऐक. पान निघाल्यावर चार दिवसांनी संग्रहालयाच्या पत्त्यावर एक चिठ्ठी आली म्हणे, तुझ्या चित्रकार मुलीनं मला पाठवली. वाकडं अक्षर, कुणा शाळकरी पोराकडून लिहून घेतलेलं, खाली पत्ता. "सगळ्यांत उजवीकडची मी. आणि ओळ त्या एकटीची नाही. यंत्र हा शब्द माझा. ती 'मशीन' घालणार होती."

रफार!

काल गेले. बसनं दीड तास. शेजारच्या बाईंची नात टॅब घेऊन सोबत आली. रफार खुर्चीत होती. उंची सगळी पायांत जाऊन बसलीय, डोळ्यांना फारसं दिसत नाही, आवाज मात्र तसाच, शेजारच्या घरातलं मांजर पळेल असा. माझा आवाज ऐकून म्हणाली, "आलीस? उशीर केलास. पूर्णविराम नेहमी शेवटीच येतो."

मी तिला अनुस्वाराचं सांगितलं. पान बाराचंही, सगळं. म्हटलं, तुझी माफी मागायला आलेय. ती बराच वेळ माझा हात हातात धरून अंगठ्यानं माझी बोटं चाचपत राहिली. मग म्हणाली, "शिसं अजून जात नाही बघ नखांतून." एवढंच. मला पुरलं.

मग मी टॅबवरचा मजकूर वाचून दाखवला. "या छापखान्यात अकरा जुळारी होते" इथं तिनं मला थांबवलं. "परत वाच." वाचलं. "परत." तिसऱ्यांदा आम्ही दोघी अशा हसलो, की तिची सून हातातलं काम टाकून दारात आली. चांगली आहे बिचारी, वीस वर्षं सासूचं करतेय. टॅबवरचा फोटो बघितला, आमच्याकडं बघितलं, आणि म्हणाली, "आई, तुम्ही छापखान्यात होतात? जुळारी म्हणजे काय?"

रफारनं पाठ ताठ केली. खरंच सांगते, पाय विसरून ती पुन्हा उंच झाली.

"होते म्हणजे?" ती म्हणाली. "स्टूल ओढ इकडं. बस. सांगते."

तुझी,
मावशी